अटेझोट्राइब: यशस्वी ठरलेली चाचणी आणि जागच्या जागी राहिलेले उपचार

पिसा म्हटलं की बहुतेकांना झुकता मनोरा आठवतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या डॉक्टरांना मात्र आठवते फॉल्फोक्सिरी. फाइव्ह-एफयू, ऑक्झालिप्लॅटिन आणि इरिनोटेकान ही तिन्ही केमो औषधं एकाच सायकलमध्ये द्यायची पद्धत तिथल्या मंडळींनी घडवली. अंगाला सोसेल अशा मात्रेत ती बसवली आणि इटलीतल्या ‘गोनो’ या संशोधकगटामार्फत तपासून घेतली. 2014 साली त्यांची ट्राइब ही चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात 508 रुग्ण होते. सगळ्यांना बेव्हासिझुमॅब हे गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध दिलं होतं. फरक होता तो सोबतची केमो दोन औषधांची की तीन औषधांची, एवढाच. आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ 9.7 महिन्यांवरून 12.1 महिन्यांवर गेला. दुष्परिणाम वाढले, पण धडधाकट रुग्णांसाठी हा मार्ग मान्य झाला.

याच घराण्यातली पुढची चाचणी म्हणजे अटेझोट्राइब. प्रश्न सरळ होता: फॉल्फोक्सिरी आणि बेव्हासिझुमॅब यांच्या जोडीला अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तर चौथ्या टप्प्यातल्या, म्हणजे कॅन्सर इतर अवयवांत पसरलेल्या रुग्णांचा आजार जास्त काळ आवरता येतो का? उत्तर ‘हो’ असं आलं. आकडेशास्त्राच्या ठरलेल्या कसोटीवर चाचणी उत्तीर्ण झाली. तरीही जगभरात या रुग्णांच्या पहिल्या उपचारात अटेझोलिझुमॅब शिरलं नाही. असं का झालं, ते समजून घेण्यासाठी हे प्रकरण मुळापासून बघायला हवं. ‘केमोसोबत इम्युनो का देत नाही?’ हा प्रश्न घेऊन आपल्याकडेही रुग्णांचे नातेवाईक येतात, आणि त्यांना द्यायचं उत्तर बरंचसं या एका चाचणीत सापडतं.

आधीची पार्श्वभूमी

आपल्या पेशींवर पीडी-एल1 नावाचं प्रथिन असतं. ते टी-पेशींवरच्या, म्हणजे हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवरच्या पीडी-1 ला चिकटलं की टी-पेशी थंडावते. कॅन्सरच्या गाठी याच सोयीचा गैरफायदा घेतात. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब पीडी-1 ला झाकतात, अटेझोलिझुमॅब पीडी-एल1 ला. टी-पेशीचा ब्रेक सुटतो आणि ती हल्ला करू शकते. मेलानोमात (त्वचेचा एक कॅन्सर) आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये या औषधांनी चित्र पालटलं, पण आतड्याच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीला पदरी निराशाच आली. पीडी-1 रोखणाऱ्या औषधांच्या पहिल्या चाचण्यांत आतड्याच्या कॅन्सरचे एकूण 33 रुग्ण होते. त्यांतल्या फक्त एकाची गाठ विरघळली.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी ‘33 मध्ये 1, म्हणजे औषध निकामी’ असं म्हणून फाइल बंद केली नाही, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या एकातच असं काय होतं, हे त्यांनी शोधलं. त्याच्या गाठीत डीएनएची जुळणी दुरुस्त करणारी यंत्रणा, म्हणजे मिसमॅच रिपेअर, बंद पडलेली होती. मुद्रितशोधक रजेवर गेलेल्या छापखान्यात ओळीओळीला चुका व्हाव्यात, तशा अशा पेशींच्या डीएनएत चुका साचत जातात. त्यातून विचित्र प्रथिनं तयार होतात आणि टी-पेशींना ती परकी म्हणून ओळखता येतात. 2015 साली या संशोधकांनी पेम्ब्रोलिझुमॅबचे निकाल मांडले. दुरुस्ती यंत्रणा बिघडलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या 10 पैकी 4 रुग्णांत गाठी आकसल्या. यंत्रणा शाबूत असलेल्या 18 पैकी एकाच्याही नाही. पहिल्या प्रकारच्या गाठींत सरासरी 1782 म्युटेशन सापडली, दुसऱ्या प्रकारच्या गाठींत 73.

तेव्हापासून आतड्याच्या कॅन्सरचे दोन वर्ग मानले जातात. रिपोर्टमध्ये पहिल्यासाठी डीएमएमआर किंवा एमएसआय-हाय असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यासाठी पीएमएमआर किंवा एमएसएस. पुढे मी एमएसआय आणि एमएसएस एवढंच म्हणेन. अडचण अशी की चौथ्या टप्प्यात एमएसआय रुग्ण शंभरात चार-पाचच भरतात. उरलेल्या पंच्याण्णवांचं काय, हा खरा पेच होता आणि अटेझोट्राइब त्यातूनच निघाली.

केमोने ‘थंड’ गाठ तापेल?

एमएसएस गाठींना डॉक्टर ‘कोल्ड’ म्हणतात, कारण त्यांच्या आत टी-पेशी फारशा सापडत नाहीत. मग टी-पेशींचा ब्रेक सोडून काय उपयोग? आधी त्यांना आत आणायला हवं. हे काम केमो करील, अशी आशा होती आणि तिला प्रयोगशाळेत आधारही होता. ऑक्झालिप्लॅटिनने पेशी मरतात तेव्हा त्या निमूटपणे मरत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर कॅलरेटिक्युलिन येतं, त्या एटीपी आणि एचएमजीबी1 बाहेर सोडतात, आणि हे संकेत ओळखून डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी-पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या पेशी, तिकडे धावतात. फाइव्ह-एफयूने रोगप्रतिकार दडपणाऱ्या काही पेशी मरतात, असं उंदरांत दिसलं होतं. बेव्हासिझुमॅब गाठीतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या सरळ करतं, त्यामुळे टी-पेशींची वाट मोकळी होते. शिवाय ते रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या ज्या व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवतं, ते स्वतःच रोगप्रतिकार दाबतं.

त्यात 2018 साली फुप्फुसाच्या कॅन्सरमधली कीनोट-189 ही चाचणी आली. नुसत्या केमोने एक वर्ष जगणारे 49.4 टक्के होते. केमोला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिल्यावर 69.2 टक्के. एवढं यश बघितल्यावर आतड्याच्या कॅन्सरमध्ये तोच प्रयोग न करणं अवघड होतं. पण फुप्फुसाच्या गाठीत, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्यांच्या, म्युटेशनचा साठा मुळातच मोठा असतो. एमएसएस आतड्याच्या गाठीत तो नसतो, आणि केमोच्या चार-सहा महिन्यांत तो निर्माणही होत नाही. टी-पेशी आत आल्या तरी त्यांनी ओळखायचं कोणाला, हा प्रश्न उरतोच. आणखी एक गोष्ट चाचण्यांच्या बातम्यांत कधी दिसत नाही: केमोची उलटी थांबवायला दर सायकलला डेक्सामेथासोन देतात आणि ते स्टेरॉइड आहे. एका हाताने टी-पेशी जागवायच्या आणि दुसऱ्या हाताने त्यांना झोपेचं औषध द्यायचं, असा हा प्रकार. याने प्रत्यक्षात किती फरक पडतो यावर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि फुप्फुसाच्या चाचणीत स्टेरॉइड असूनही फायदा दिसला, हेही खरं.

चाचणीत नेमकं काय झालं

इटलीतल्या 22 केंद्रांत 30 नोव्हेंबर 2018 ते 26 फेब्रुवारी 2020 या काळात 218 रुग्ण घेतले गेले. शेवटची तारीख बघा. उत्तर इटलीत कोरोनाचा पहिला मोठा उद्रेक त्याच आठवड्यात सुरू झाला होता. भरती थोडी लांबली असती तर ही चाचणी कशी पूर्ण झाली असती कोण जाणे. रुग्णांची आजारावर याआधी केमो झालेली नव्हती आणि शस्त्रक्रियेने सगळ्या गाठी काढता येतील अशी स्थिती नव्हती. वयाची मर्यादा 75, आणि सत्तरी ओलांडलेल्यांत फक्त पूर्ण हिंडतेफिरते रुग्ण. एकाला नेहमीचा उपचार तर दोघांना अटेझोलिझुमॅब, अशा प्रमाणात चिठ्ठ्या पडल्या: 73 आणि 145. दर दोन आठवड्यांनी एक, अशा जास्तीत जास्त आठ सायकल फॉल्फोक्सिरी आणि बेव्हासिझुमॅबच्या, त्यानंतर फाइव्ह-एफयू आणि बेव्हासिझुमॅब चालू. दुसऱ्या गटाला या दोन्ही काळांत 840 मिलिग्रॅम अटेझोलिझुमॅबही.

महत्त्वाची बाब म्हणजे एमएसआय आणि एमएसएस असा भेद न करता रुग्ण घेतले गेले. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

2022 साली निकाल प्रसिद्ध झाला. आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ नेहमीच्या गटात 11.5 महिने होता, अटेझोलिझुमॅबच्या गटात 13.1. हॅझर्ड रेशो 0.69, म्हणजे कुठल्याही क्षणी आजार बळावण्याची शक्यता सुमारे 31 टक्क्यांनी कमी. पी-मूल्य, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, 0.012. इथवर वाचणारा माणूस खूश होतो.

आता बारीक अक्षरातलं वाचू. ही दुसऱ्या टप्प्याची चाचणी होती, म्हणजे ‘यात पुढे जाण्यासारखं काही आहे का’ एवढंच विचारणारी. त्यामुळे तिची कसोटी मुद्दाम सैल ठेवलेली होती. पी-मूल्य एका बाजूचं आहे, आणि 0.69 भोवती दिलेली 0.56 ते 0.85 ही मर्यादा 80 टक्के खात्रीची आहे; तिसऱ्या टप्प्यात असते तशी 95 टक्क्यांची नाही. यात लपवाछपवी काहीच नाही, शोधनिबंधात सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण बातमी होताना हा तपशील गळतो आणि ‘31 टक्के’ तेवढं उरतं.

त्याहून मोठी गोष्ट उपगटात आहे. 218 पैकी 202 रुग्ण एमएसएस होते. फक्त त्यांचंच गणित मांडलं तर मध्यक काळ 11.4 विरुद्ध 12.9 महिने, आणि हॅझर्ड रेशो 0.69 वरून 0.78 वर येतो. एमएसआय रुग्ण मोजकेच होते, पण त्यांच्यात अटेझोलिझुमॅबचा परिणाम इतका प्रचंड होता की संपूर्ण चाचणीचा आकडा त्यांनी खाली ओढला. मूठभर माणसांमुळे सरासरी कशी हलते, हे यात फार छान दिसतं. ज्या पंच्याण्णव टक्क्यांसाठी हा खटाटोप केला, त्यांच्या वाट्याला आलेला फायदा मथळ्यातल्या आकड्यापेक्षा बराच लहान आहे. शून्य मात्र नाही, हेही नोंदवायला हवं.

गाठी आकसणाऱ्या रुग्णांचं प्रमाण अटेझोलिझुमॅबने वाढलं नाही. माझ्या मते या चाचणीतला सगळ्यात बोलका आकडा हाच आहे. केमोने थंड गाठी सर्रास तापल्या असत्या, तर तो परिणाम आधी इथे दिसायला हवा होता.

दुष्परिणामांच्या बाबतीत दोन्ही गटांत फार तफावत नव्हती. पांढऱ्या पेशी गंभीरपणे घटणं 36 विरुद्ध 42 टक्के, गंभीर जुलाब 13 विरुद्ध 15 टक्के. अटेझोलिझुमॅबच्या गटात उपचाराशी निगडित दोन मृत्यू झाले, एक हृदयविकाराच्या झटक्याने आणि एक फुप्फुसातल्या रक्तस्रावाने. नेहमीच्या गटात असा एकही नव्हता.

पुढे जास्त काळ पाठपुरावा करून आयुर्मानाचे आकडे आले: मध्यक 27.2 विरुद्ध 33.0 महिने. जवळजवळ सहा महिन्यांचा फरक कोणालाही मोहात पाडेल. पण आकडेशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर हा फरक पक्का ठरत नाही. त्यातही एमएसआय रुग्ण धरलेले आहेतच. यावर विसंबून हजारो लोकांना महागडं औषध सुरू करणं मला पटत नाही, आणि मार्गदर्शक तत्त्वं लिहिणाऱ्यांनाही ते पटलेलं दिसत नाही.

तोच प्रश्न, दुसरं उत्तर

जवळपास त्याच सुमारास चेकमेट 9एक्स8 या चाचणीत निव्होलुमॅब हे औषध, दोन औषधांची फॉल्फॉक्स केमो आणि बेव्हासिझुमॅब यांच्या जोडीला दिलं गेलं. 195 रुग्ण. मध्यक काळ दोन्ही गटांत 11.9 महिने, दशांशही हलला नाही. मुख्य कसोटीवर चाचणी नापास झाली.

पण आलेख शेवटपर्यंत बघितला तर चित्र तितकं सपाट नाही. एका वर्षानंतर आजार आटोक्यात असलेले रुग्ण 30 विरुद्ध 45 टक्के होते. दीड वर्षानंतर 9 विरुद्ध 28 टक्के. म्हणजे अर्ध्या रुग्णांपर्यंत दोन रेषा एकमेकींना चिकटून चालतात, आणि मग वेगळ्या होतात. मध्यक हा आकडा रांगेतल्या मधल्या माणसाबद्दल सांगतो. फायदा रांगेच्या शेपटाला झाला असेल तर तो त्याला दिसत नाही. याची किंमतही होती: गंभीर दुष्परिणाम 48 वरून 75 टक्क्यांवर गेले.

या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की एक यशस्वी आणि एक अयशस्वी असं मला दिसत नाही. दोन्ही एकच गोष्ट सांगताहेत. एमएसएस रुग्णांत एक छोटा गट असा आहे ज्याला केमोसोबतची इम्युनोथेरपी खरोखर लागू पडते, आणि बहुसंख्यांना ती लागू पडत नाही. दोघांना एकत्र मोजलं की कधी हॅझर्ड रेशो कसोटीच्या रेषेअलीकडे येतो, कधी पलीकडे जातो.

तो छोटा गट कोणता? इटालियन संशोधकांनी गाठींचे जपून ठेवलेले नमुने तपासले. टी-पेशी आणि पीडी-एल1 असलेल्या पेशी किती दाट आहेत, एकमेकींच्या किती जवळ आहेत, यावरून काढलेला इम्युनोस्कोअर ज्यांचा चढा होता, किंवा ज्यांच्या गाठीत म्युटेशनचा भार जास्त होता, त्यांना फायदा जास्त झाल्याचं दिसलं. थोडक्यात, एमएसएस असूनही ज्या गाठी पुरत्या थंड नव्हत्या, त्या. यकृताचाही संबंध असावा अशी दाट शंका आहे. यकृतात गाठी असतील तर तिथल्या मॅक्रोफेज पेशी टी-पेशींना संपवतात, हे 2021 साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं. केमो नसलेल्या एका मिश्रणातही तोच कल आढळला: रेगोराफेनिब आणि निव्होलुमॅबच्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत यकृतात गाठी असलेल्या एकाही एमएसएस रुग्णाला प्रतिसाद मिळाला नाही, तर यकृत मोकळं असलेल्या 23 जणांत हे प्रमाण 21.7 टक्के होतं. चौथ्या टप्प्यात आतड्याचा कॅन्सर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातो तो यकृतातच.

नाण्याची दुसरी बाजू: एमएसआय रुग्ण

अटेझोट्राइबने ज्या मूठभरांना भरभरून दिलं, त्यांच्याबाबत प्रश्न उलटा होतो. केमोला इम्युनो जोडायची का, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. इम्युनोला केमो लागते का, असं विचारावं लागतं.

कीनोट-177 मध्ये 307 एमएसआय रुग्णांना पहिल्याच उपचारात एकतर केमो किंवा नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब मिळालं. आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ 8.2 विरुद्ध 16.5 महिने, आणि उपचारामुळे झालेले गंभीर दुष्परिणाम 66 विरुद्ध 22 टक्के. केमो हरली. मात्र पेम्ब्रोलिझुमॅबवरच्या 29.4 टक्के रुग्णांचा आजार औषधाला न जुमानता थेट वाढतच गेला. केमोवर हे प्रमाण 12.3 टक्के होतं. आलेखात पहिल्या सहा महिन्यांत इम्युनोथेरपीची रेषा केमोच्या खाली आहे, मग ती वर येते. सुरुवातीच्या या खड्ड्यावर केमोची फळी टाकता येईल का, हे पाहण्यासाठीच अमेरिकेत कमिट ही चाचणी घेतली गेली: नुसतं अटेझोलिझुमॅब विरुद्ध अटेझोलिझुमॅब अधिक फॉल्फॉक्स आणि बेव्हासिझुमॅब. तिच्यात नुसत्या केमोचा तिसरा गटही होता; कीनोट-177 चे निकाल आल्यावर 2020 मध्ये तो बंद केला गेला.

खड्डा भरायचा दुसरा मार्ग म्हणजे दोन इम्युनोथेरपी औषधं. चेकमेट 8एचडब्ल्यूमध्ये निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब घेणाऱ्यांत दोन वर्षांनी आजार आटोक्यात असलेले 72 टक्के होते, केमो घेणाऱ्यांत 14 टक्के. केमोशिवाय एवढं साधत असेल, तर केमो जोडण्याची निकड एमएसआय रुग्णांत बरीच कमी होते. ज्याचा आजार झपाट्याने वाढतोय, आतडं तुंबायला आलंय, अशा रुग्णाचा निर्णय वेगळा असू शकतो. तिथे पहिले दोन महिने वाया घालवणं परवडत नाही.

8एचडब्ल्यूमधला आणखी एक आकडा मला आपल्याकडच्या दृष्टीने फार कामाचा वाटतो. पहिल्या उपचाराच्या तुलनेसाठी 303 रुग्ण स्थानिक प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर घेतले गेले. मध्यवर्ती प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्यावर एमएसआय असल्याची खात्री 255 जणांचीच झाली. आंतरराष्ट्रीय चाचणीत ही गत, तर साध्या रिपोर्टवर किती डोळे झाकून विसंबायचं? इम्युनोथेरपी सुरू करून पहिल्याच स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला, तर औषधाला दोष देण्याआधी ब्लॉक, म्हणजे गाठीच्या नमुन्याचा मेणात जपलेला तुकडा, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावा.

इथल्या रुग्णासाठी

महाराष्ट्रात मोठ्या शहरांतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6 आणि पीएमएस2 या डीएनए-दुरुस्तीच्या चार प्रथिनांची आयएचसी तपासणी (नमुना रंगवून प्रथिन आहे की नाही ते बघणं) होते. बायोप्सीच्या त्याच ब्लॉकवर ती करता येते. इम्युनोथेरपीच्या एका डोसच्या तुलनेत तिचा खर्च किरकोळ असतो. ती केमोचं पहिलं सलाईन लावण्याआधी झालेली असावी. चारांपैकी एखादं प्रथिन नाहीसं झालेलं दिसलं तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचीही शक्यता तपासावी लागते. मग भावंडांना आणि मुलांनाही कोलोनोस्कोपीचा सल्ला द्यायची वेळ येऊ शकते.

रिपोर्ट एमएसएस आला, तर आज पहिला उपचार केमोच, आणि तिच्या जोडीला बेव्हासिझुमॅब किंवा सेटुक्सिमॅब-पॅनिट्युमुमॅबसारखं औषध. यातलं कोणतं निवडायचं हे रास आणि बीआरएएफ या जनुकांची तपासणी आणि मूळ गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला आहे की डाव्या, यावर ठरतं. त्यात स्वतःच्या खर्चाने इम्युनोथेरपी मिसळायचा आग्रह नातेवाईक धरतात, कधी दागिने मोडून, कधी जमीन विकून. पेम्ब्रोलिझुमॅबवरचं मूळ सीमाशुल्क केंद्र सरकारने 2023 मध्ये माफ केलं, तरी ही औषधं सामान्य घराच्या आवाक्यात आलेली नाहीत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबची अवघी 20 मिलिग्रॅमची मात्रा देऊन एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर नेलं. हे अभिमानास्पद काम आहे, पण ते त्या कॅन्सरपुरतं. ‘मग आतड्याच्या कॅन्सरला कमी डोसमध्ये देऊन बघू’ असा सल्ला कोणी दिला, तर अटेझोट्राइबचा उपगट आठवावा. तिथे पूर्ण मात्रा दिली होती.

फ्रान्समधल्या पोची या चाचणीची आखणी मात्र या सगळ्यातून शिकलेली दिसते. तिच्यात एमएसएस रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब, केपॉक्स केमो आणि बेव्हासिझुमॅब एकत्र दिलं जातं; पण ते सरसकट सगळ्यांना नाही. आधी शस्त्रक्रियेने काढलेली मूळ गाठ तपासतात, तिच्यात रोगप्रतिकारक पेशींची दाटी आहे का ते बघतात, आणि ज्यांच्यात ती असेल त्यांनाच चाचणीत घेतात.